बसायचं कुठे?

‘आज बसायचं का?’ या प्रश्नाचा अर्थ मराठी माणसाला फोड करून सांगावा लागत नाही. किती वाजता, कुणाबरोबर, कोणत्या टेबलाशी, चकण्याला काय, बिल कोण देणार, एवढं सगळं त्या एका ‘बसण्या’त येतं. माणूस दारू सोडतो तेव्हा बाटली एकदाच सुटते. बसणं मात्र रोज संध्याकाळी नव्याने सोडावं लागतं. ऑफिस सुटतं, सात वाजतात, आणि ज्यांचं काय करायचं हा प्रश्न इतक्या वर्षांत कधी पडलाच नव्हता असे दोन तास समोर उभे राहतात.

म्हणून ‘कुठल्या ग्रुपला जाऊ?’ असं कुणी विचारलं की तत्त्वज्ञानात शिरण्याआधी घड्याळ विचारावं. तुम्ही किती वाजता बसायचात? शक्यतो त्याच वेळेची मीटिंग शोधा. दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एएच्या बहुतेक मीटिंगा संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास असतात, ते काही उगाच नाही. रविवारी सकाळची मीटिंग छान असते, प्रसन्न असते, पण शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला ती तुमच्या कामाला येत नाही.

या चळवळीची सुरुवातही अशाच एका मोकळ्या संध्याकाळची आहे. मे १९३५. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचं काम फिसकटलेलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, आणि एका बाजूने बारमधले आवाज कानावर येत होते. बारकडे वळण्याऐवजी त्याने लॉबीतल्या फोनवरून गावातल्या चर्चच्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली: मला बोलायला एखादा दारुडा हवाय. दुसऱ्या दिवशी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. डॉक्टरसाहेब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, ते रात्री अकरा वाजून गेल्यावर उठले. त्याच वर्षी १० जूनला डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला आणि तीच तारीख एएचा स्थापना दिवस मानली जाते. भारतात एए १९५७ साली दिल्लीत पोचली, आणि पुढे मुंबईत तर ती गल्लीबोळात रुजली. गोष्ट एवढीच की बिलला त्या संध्याकाळी उपदेशक नको होता. बसायला दुसरा कुणीतरी हवा होता.

मीटिंग शोधण्याआधी मात्र एक अडसर आहे आणि तो ओलांडल्याशिवाय पुढे जायचं नाही. सकाळी हात थरथरतात, ‘डोळा उघडायला’ घोट लागतो, अशी ज्यांची गत आहे त्यांनी आपल्या मनाने दारू एकदम बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते बारा तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसणं, नसलेल्या माणसांशी बोलणं, ताप, छातीत धडधड. यात माणूस दगावतो. जिल्हा रुग्णालयाचा किंवा मेडिकल कॉलेजचा मनोविकार विभाग हे काम करतो, साधारण आठवडाभरात, गोळ्यांचा डोस रोज उतरवत. गावाकडे ‘सलाईन लावून येतो’ हा सरसकट उपाय असतो, तो पुरेसा नाही. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व उरलेलं नसतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बी-१ आधी, किंवा निदान ग्लुकोजसोबत. डॉक्टरला किती पिता ते खरं सांगा. ‘कधीमधी घेतो’ हे उत्तर इथे जिवावर बेतू शकतं.

‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर अजून दिसतात. ती पूड आमटीत कालवू नका. त्यात काय आहे ते विकणारा सांगत नाही, आणि डायसल्फिराम असेल तर वरून दारू पोटात गेल्यावर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हेच औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली, माणसाच्या पूर्ण संमतीने दिलं तर उपयोगी पडतं. चोरून दिलं तर तो विषप्रयोगच. शिवाय त्या घरात पुढे कुणी कुणाच्या हातचं निर्धास्त जेवेल का?

आता पत्ता. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची टोल-फ्री हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे. एएच्या स्थानिक ग्रुपचा नंबर रुग्णालयातला समुपदेशक, जवळचं व्यसनमुक्ती केंद्र, कधीकधी पोलीस चौकीही देते. फोन उचलणारा बहुधा स्वतः दारू सोडलेलाच असतो, त्यामुळे तिथे आढेवेढे घेण्याची गरज नाही. त्याला नेमकं विचारा: आज मीटिंग नक्की आहे ना? कोणतं फाटक, कितवा मजला? भाषा कोणती? खुली की बंद? पहिला प्रश्न फालतू वाटेल, पण बऱ्याच मीटिंगा महापालिकेच्या शाळांत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये भरतात. दिवाळीच्या सुट्टीत शाळेला कुलूप असतं, निवडणुकीत तिथे मतदान केंद्र लागतं. पहिल्यांदाच हिय्या करून गेलेला माणूस बंद फाटक पाहून परत फिरला, तर त्याची पावलं कुठे वळतात ते सांगायला नको. पाटी लहान असते, वर्तुळात त्रिकोण. नाही दिसली तर वॉचमनला विचारा. ‘ते दारूवाले ना? वर, दुसरा मजला,’ असं तो खणखणीत आवाजात सांगेल. एवढं सहन करा.

पत्ता मिळाला की रस्ता बघा. स्टेशनपासून मीटिंगपर्यंत आणि मीटिंगपासून घरापर्यंत वाटेत किती वाइन शॉप, किती परमिट रूम, ते एकदा दिवसा चालून मोजावं. लांबची गल्ली पकडून पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील. पगाराच्या आठवड्यात तर पकडावीच.

खुल्या मीटिंगला कुणीही येऊ शकतं: बायको, भाऊ, डॉक्टर, समाजकार्याचा विद्यार्थी. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. ‘बंद’ या शब्दाने लोक उगाच बिचकतात. प्रवेशाला फॉर्म नाही, फी नाही, कुणाची चिठ्ठी लागत नाही. एएच्या बारा परंपरांपैकी, म्हणजे ग्रुप कसा चालवायचा याच्या संकेतांपैकी, तिसरी सांगते की दारू थांबवायची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. आपण ‘पुरेसे दारुडे’ आहोत का, हे कुणी तपासत नाही. घरच्यांनी धरून आणलेल्या माणसासाठी खुली मीटिंग सोयीची. पण जमत असेल तर पहिल्यांदा एकटं बंद मीटिंगला जावं, असं मला वाटतं. बायको शेजारी बसलेली असताना माणूस खरं बोलत नाही, आणि तिच्यादेखत ऐकतानाही सारखा तिच्याकडे बघत राहतो.

आत काय असतं? तिसरीचा वर्ग. गुडघे पोटाशी येतील एवढ्या उंचीची बाकं. भिंतीवर ‘ब बदकाचा’, शेजारी जलचक्राचा तक्ता, आणि फळ्यावर दोरीने टांगलेलं कापडी बॅनर: बारा पायऱ्या, म्हणजे दारूमुक्तीचा एएचा कार्यक्रम, आणि बारा परंपरा. टेबलावर एएचं निळं पुस्तक, काही पत्रकं, एक डबा, थर्मास. साडेसातला दोन मिनिटं शांतता आणि प्रार्थना, मग एए म्हणजे काय ते वाचून दाखवतात. चेअर सांभाळणारा विषय सांगतो किंवा पुस्तकातला उतारा वाचतो. मग शेअरिंग. एकेक जण उठतो, ‘नमस्कार, मी अमुक, मी अल्कोहोलिक,’ खोली एका सुरात नमस्कार करते, आणि तो पाच-सात मिनिटं बोलतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, ‘अरे पण तू असं का केलंस’ विचारत नाही. मराठी माणसाला ही शिस्त जड जाते, कारण दुसऱ्याचं वाक्य पूर्ण करणं हा आपल्याकडे आपुलकीचा भाग आहे. तुमच्यावर वेळ आली की ‘आज फक्त ऐकतो’ म्हणायला पूर्ण मुभा आहे. शेवटी डबा फिरतो. ग्रुप सभासदांच्या पैशावरच चालतो, बाहेरची देणगी घेत नाही, आणि पहिल्यांदा आलेल्याने काही टाकायचं नसतं. समारोपाची प्रार्थना हातात हात धरून. तासाभरात, फार तर दीड तासात सगळं आटपतं.

खरी मीटिंग त्यानंतर सुरू होते: कागदी कपातला चहा, जिन्यातल्या गप्पा, पंधरा मिनिटं. नवा माणूस नेमका याच वेळेला चपला शोधून पळतो. पळू नका. तुमच्या हातात दोन-तीन फोन नंबर पडतील ते याच पंधरा मिनिटांत.

एका मीटिंगवरून ग्रुप पारखू नये. त्याच ग्रुपची सोमवारची मीटिंग पायऱ्यांच्या अभ्यासाची असते, गुरुवारची एका वक्त्याची, शनिवारी कुणाचा वाढदिवस: दारूमुक्तीचं एक वर्ष, केक, बिल्ला, बायकोच्या डोळ्यांत पाणी. वाढदिवसाला गेलेल्याला वाटतं ही तर जत्रा, अभ्यासाला गेलेल्याला वाटतं ही शिकवणी. एका ग्रुपला निरनिराळ्या वारी चार वेळा, आणि असे निदान दोन-तीन ग्रुप बघून मग ठरवा. जुने सभासद ‘नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा’ सांगतात. नोकरी-संसार सांभाळून ते सगळ्यांना जमत नाही हे खरं, पण पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला एक मीटिंग म्हणजे सहा संध्याकाळी मोकाट.

मग पारखायचं कशावरून? भाषा, पहिली. मुंबईत इंग्रजी, हिंदी, मराठी, तिन्ही ग्रुप सापडतात, गोव्यात कोकणीही. इंग्रजी शाळेत शिकलेली माणसं इंग्रजी ग्रुप निवडतात आणि मग महिनोन् महिने गोड, गुळगुळीत बोलत राहतात. ज्या भाषेत घरी खोटं बोललो त्याच भाषेत खरं बोलावं लागतं. मुलीच्या गल्ल्यातले पैसे काढले, हे ‘आय टुक सम मनी’ असं सांगितलं की काहीच होत नाही. परदेशी असलेल्यांसाठी ऑनलाइन मराठी मीटिंग ही त्यामुळे मोठी सोय आहे. फक्त घड्याळ जुळवताना लक्षात ठेवा, पुण्यात संध्याकाळचे साडेसात म्हणजे न्यू जर्सीत सकाळ. बसायची वेळ तिथे अजून व्हायची असते, तेव्हा संध्याकाळसाठी गावातलीच एखादी इंग्रजी मीटिंग जोडीला हवी.

दुसरी पारख देवाची. बाराही पायऱ्यांत मिळून ‘परमेश्वर’ बऱ्याचदा येतो, मात्र दोन ठिकाणी ‘आपल्याला उमगेल तसा’ ही पुस्ती जोडून. महाराष्ट्रात माळ घालून दारू सोडण्याची वाट जुनी आहे, त्यामुळे कित्येकांना यात काही वेगळं वाटत नाही. नास्तिकाला मात्र अडखळायला होतं. अशा वेळी जुने लोक सांगतात, ग्रुपलाच उच्चशक्ती समज. हे ऐकायला पळवाट वाटते, पण व्यवहारात चालते: आपल्याच्याने होत नाही, या वीस जणांच्याने होतंय, एवढं मान्य केलं तरी काम सुरू होतं. तेही नको असेल तर १९९४ पासून चालू असलेली स्मार्ट रिकव्हरी आहे. तिच्यात देव नाही, पायऱ्या नाहीत, विचार आणि सवयी बदलण्याची तंत्रं आहेत. आपल्याकडे तिच्या मीटिंगा मुख्यतः ऑनलाइनच सापडतात. ‘एए हे श्रद्धेचं खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी एक आकडेवारी: २०२० साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती एकत्र तपासली. सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांकडे नेणारे पद्धतशीर उपचार मानसोपचाराच्या इतर पद्धतींपेक्षा सरस ठरले.

तिसरी पारख सगळ्यात महत्त्वाची, आणि ती पहिल्या दिवशी करता येत नाही. चार वेळा जा, पाचव्यांदा जाऊ नका. दुसऱ्या दिवशी फोन आला का? ‘काल दिसला नाहीत’ एवढंच. गुत्त्यावर तुमची खुर्ची रिकामी राहिली तर वेटरच्या लक्षात यायचं. ज्या ग्रुपमध्ये ते कुणाच्याच लक्षात येत नाही, तो ग्रुप कितीही विद्वान असो, तुमच्यासाठी तो अजून झालेला नाही. याच कारणासाठी पन्नास जणांच्या नावाजलेल्या ग्रुपपेक्षा बारा-पंधरा जणांचा साधा ग्रुप नव्याला बरा पडतो.

काय दिसलं तर उठून यावं, हेही सांगायला हवं. कुणी विमा, प्लॉट, साखळी योजना गळ्यात मारू लागला तर. एकच ज्येष्ठ रोज अर्धा तास बोलत असेल आणि त्याला थांबवायची कुणाची छाती नसेल तर. मीटिंगमधलं बोलणं बाहेर फुटत असेल, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतील तर ताबडतोब. डिप्रेशनच्या किंवा फिटच्या गोळ्या ‘हीसुद्धा नशाच’ म्हणून बंद करायला कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका. असा सल्ला देणं एएचं काम नाही. आणि नव्या बाईशी सलगी करायला बघणारे पुरुष, दुर्दैवाने, असतात. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकट्या बाईने बसावं ही अपेक्षाच चूक आहे. स्त्रियांच्या वेगळ्या मीटिंगा कमी आहेत, पण ऑनलाइन मिळतात, आणि खोलीतल्या मीटिंगला जायचंच तर आधी तिथल्या एखाद्या सभासद बाईशी फोनवर बोलून तिच्यासोबत जावं.

स्पॉन्सर म्हणजे पायऱ्या चढताना हात धरणारा. तो नेमायची घाई करू नका, पण टाळाटाळही नको. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. वर्षभर तरी दारूमुक्त असलेला, पायऱ्या स्वतः केलेला, आणि रात्री साडेनऊला फोन उचलणारा. साहेब, मेहुणा किंवा उसने पैसे दिलेला माणूस स्पॉन्सर करू नये. नाही पटलं तर बदलता येतो, त्यात भांडण नाही. पहिल्या आठवड्यासाठी तात्पुरता मागितला तर कुणी नाही म्हणत नाही.

लहान गावात सगळं अवघड होतं. तालुक्याला एकच ग्रुप, आणि त्यात तुमच्या मुलाचे मास्तर बसलेले. पण ते तिथे का बसलेत याचाही विचार करा. तरी संकोच सुटत नसेल तर शेजारच्या तालुक्याची मीटिंग धरतात लोक, फक्त परतीची शेवटची एसटी किती वाजता ते पाहून. ग्रुपच नसेल तिथे व्यसनमुक्ती केंद्रांचा पाठपुरावा असतो. पुण्याचं मुक्तांगण, डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं, उपचारानंतरच्या सभा पुण्याबाहेरही घेतं आणि पत्नींसाठी त्यांचा ‘सहचरी’ गट आहे. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरांची कृपा फाउंडेशन १९८१ पासून आहे, बारा पायऱ्यांना योगाची जोड देणारी. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ तालुक्या-तालुक्यात क्लिनिक चालवतं. घरच्यांनी पिणाऱ्याची वाट न बघता स्वतःची मीटिंग शोधावी: अ‍ॅल-अनॉन, १९५१ पासूनची. तो जाईना तरी तुम्ही जा.

एक खास आपल्याकडची अडचण राहिली. ‘मी श्रावण पाळतो, महिनाभर थेंब घेत नाही, म्हणजे मी काही बेवडा नाही.’ हे वाक्य ग्रुपमध्ये इतक्यांनी इतक्यांदा म्हटलंय की नव्याने ते उच्चारलं की मागच्या बाकावर हसू फुटतं, कुचेष्टेचं नव्हे, ओळखीचं. श्रावण कोण पाळतो, हा प्रश्नच नाही. गटारीला काय होतं आणि श्रावण संपल्याच्या संध्याकाळी काय होतं, ते बघा. महिनाभर दिवस मोजत काढणं ही मोकळीक नव्हे, ती शिक्षा भोगणं. थर्टी फर्स्ट, धुळवड, विसर्जन, लग्नाच्या वराती या दिवसांसाठी ग्रुप जादा मीटिंगा ठेवतात का, हेही ग्रुप निवडताना विचारून घ्यावं.

आणि स्लिप झाली, पुन्हा प्यायलात तर? होते. पुन्हा तिथेच जायचं, शक्य तितक्या लवकर. पिऊन गेलात तर बोलू नका, मागे बसा, बहुतेक ठिकाणी बसू देतात. मोजणी पहिल्या दिवसापासून पुन्हा. त्या वेळी जो ग्रुप तासभर शाळा घेतो तो सोडा, जो चहा पुढे करतो तो धरा.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी पोचा. दारापासून दुसरं बाक बरं, अगदी दाराशी बसलं की पाय बाहेर ओढतात. फोनची बॅटरी संपेल म्हणून खिशात एक कागद आणि पेन ठेवा, नंबर लिहायला. नऊच्या सुमाराला वॉचमन खाली किल्ल्या वाजवायला लागतो. गोल मांडलेली बाकं परत रांगेत लावायची असतात, सकाळी तिसरीची पोरं येतात. थर्मास धुवायला एक जण नळाशी गेलेला असतो, एक जण बॅनरची गुंडाळी करत असतो, आणि तुम्ही भिंतीला टेकून, आता निघावं की थांबावं अशा विचारात उभे असता. तेवढ्यात कुणीतरी, नावही न विचारता, म्हणतं, ‘जरा ते टोक धरता का?’